निगेटिव्ह, एनलार्जर आणि अर्थनिर्णयन : ॲन्सेल ॲडम्स यांच्या 'मूनराइज'च्या निमित्ताने छायाचित्रमुद्रणाचा विचार

गोषवारा

छायाचित्र ही यंत्राने घडवलेली व कितीही वेळा पुनरावृत्त होऊ शकणारी प्रतिमा आहे, हा समज कलाविचारात दीर्घकाळ रूढ आहे. घरगुती अंधारखोलीत एनलार्जरच्या साहाय्याने केलेल्या मुद्रणाचा बारकाईने विचार केल्यास हा समज अपुरा ठरतो. ॲन्सेल ॲडम्स (१९०२–१९८४) यांच्या 'मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको' या १९४१ मधील छायाचित्राच्या निरनिराळ्या काळातील प्रती, ब्रेट वेस्टन यांनी केलेला निगेटिव्हचा नाश आणि व्हिव्हियन मायर यांच्या मरणोत्तर प्रती या तीन उदाहरणांच्या आधारे प्रस्तुत निबंधात एका प्रश्नाची चर्चा केली आहे : छायाचित्राची कलाकृती नेमकी कोठे असते, निगेटिव्हमध्ये की प्रतीमध्ये?

बीजशब्द : निगेटिव्ह, एनलार्जर, मुद्रण, छटाक्रम, अर्थनिर्णयन, कर्तृत्व.

१. प्रस्तावना

वॉल्टर बेंजामिन यांनी १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या यांत्रिक पुनरुत्पादनविषयक निबंधात असे प्रतिपादन केले, की एका निगेटिव्हपासून हव्या तितक्या प्रती निघू शकत असल्याने त्यांतील 'अस्सल' प्रत कोणती, हा प्रश्नच निरर्थक आहे. पुढील कलाविचारात हे विधान जवळजवळ गृहीतकासारखे स्वीकारले गेले. त्याच्या नेमकी उलट भूमिका ॲडम्स यांची आहे. तरुणपणी पियानोवादक होण्यासाठी तयारी केलेल्या या छायाचित्रकाराने निगेटिव्हला स्वरलिपीची आणि प्रतीला वादनाची उपमा दिली. ही उपमा पुढे इतकी लोकप्रिय झाली, की तिची चिकित्सा करण्याची गरज कोणाला फारशी भासली नाही.

या दोन्ही भूमिका एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. सर्व प्रती समान असतील तर वादनाची उपमा फोल ठरते. प्रत्येक प्रत हे स्वतंत्र वादन असेल तर अस्सलतेचा प्रश्न निरर्थक राहत नाही. या पेचाचे उत्तर तात्त्विक चर्चेइतकेच अंधारखोलीतील प्रत्यक्ष कृतीतही शोधावे लागते. म्हणून प्रथम त्या कृतीचे स्वरूप पाहणे इष्ट ठरेल.

२. अंधारखोलीतील निर्णयांची साखळी

एनलार्जर हे उपकरण रचनेने साधे आहे. वर दिवा, त्याखाली निगेटिव्ह धरणारी चौकट, त्याखाली भिंग आणि तळाशी प्रकाशसंवेदी कागद. दिव्याचा प्रकाश निगेटिव्हमधून जाऊन कागदावर पडतो. निगेटिव्हचा जो भाग दाट, तेथून प्रकाश कमी येतो आणि कागद पांढरा राहतो. जो भाग विरळ, तेथून प्रकाश अधिक येतो आणि कागद काळवंडतो. प्रतिमा मोठी करण्यासाठी दिव्यासह वरचा भाग उंच न्यावा लागतो. मात्र अंतर वाढले की प्रकाश पसरून क्षीण होतो. भिंगापासून कागदाचे अंतर दुप्पट झाल्यास प्रकाशाची तीव्रता चौथाई उरते. अर्थात केवळ आकार बदलला तरी प्रकाशनाचा काळ नव्याने ठरवावा लागतो.

हा काळ ठरवण्यासाठी चाचणीपट्टी काढतात. कागदाच्या एका पट्टीवर पुठ्ठा टप्प्याटप्प्याने सरकवत वेगवेगळे काळ प्रकाश दिला जातो आणि पट्टी विकसित करून योग्य छटा निवडली जाते. त्यानंतर कागदाची कठोरता निवडावी लागते. मृदू कागदावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या मधल्या छटा अधिक येतात, कठोर कागदावर त्या कमी होऊन विरोध तीव्र होतो. पुढचा टप्पा अधिक नाजूक आहे. एखादा भाग प्रमाणाबाहेर काळा होत असेल तर तेवढ्यावर हाताची किंवा तारेला लावलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याची सावली धरतात. यास डॉजिंग म्हणतात. एखादा भाग फिका राहत असेल तर उर्वरित कागद झाकून त्या भागाला जादा प्रकाश देतात. यास बर्निंग म्हणतात. दोन्ही कृतींत हात सतत हलता ठेवावा लागतो, अन्यथा सावलीची कड कागदावर उमटते.

यानंतर विकासकद्रव, थांबद्रव, हायपो आणि दीर्घकाळ धुणे या क्रमाने प्रत सिद्ध होते. तरीही निर्णय संपत नाही. ओला कागद सुकल्यावर किंचित गडद होतो. त्यामुळे लाल दिव्याखाली ट्रेमध्ये मनासारखी भासणारी प्रत दुसऱ्या दिवशी मंद वाटू शकते. ॲडम्स चाचणीप्रती मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये सुकवून मगच अंतिम काळ निश्चित करीत, याचे कारण हेच.

आपल्याकडे हौशी छायाचित्रकाराची अंधारखोली म्हणजे बहुधा रात्री घरातील मंडळी झोपल्यावर रिकामे झालेले न्हाणीघर. खिडकीला काळा कागद, बादलीवरच्या फळीवर ट्रे आणि लाल बल्ब, इतक्या सामग्रीवरही वरील सर्व निर्णय घ्यावेच लागतात. साधनांच्या श्रीमंतीने निर्णयांची संख्या बदलत नाही. म्हणूनच घरगुती अंधारखोली हे मुद्रणकलेच्या विचाराचे दुय्यम नव्हे, तर प्रमुख क्षेत्र आहे. ॲडम्स यांचे बहुतांश महत्त्वाचे मुद्रणही व्यावसायिक प्रयोगशाळेत न होता राहत्या घराला जोडलेल्या अंधारखोलीतच झाले. प्रथम सॅन फ्रान्सिस्को येथे आणि १९६० च्या दशकापासून कार्मेल हायलँड्स येथे. मोठ्या निगेटिव्हसाठी त्यांनी वापरलेला एनलार्जर आडवा होता. त्याच्या प्रकाशस्रोतात अनेक दिवे होते आणि ते वेगवेगळे चालू-बंद करता येत. म्हणजे बर्निंगचा काही भाग प्रकाश कागदापर्यंत पोचण्यापूर्वीच साधला जाई.

३. 'मूनराइज' : एक निगेटिव्ह, अनेक प्रती

१९४१ च्या शरद ऋतूत ॲडम्स हे मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट यांच्यासह न्यू मेक्सिकोतून मोटारीने परतत असताना हर्नांडेझ हे छोटे गाव दिसले. पूर्वेला बर्फाच्छादित डोंगरांवर चंद्र उगवलेला, पश्चिमेला मावळता सूर्य आणि त्याच्या शेवटच्या किरणांत उजळलेले दफनभूमीतील पांढरे क्रूस. घाईत प्रकाशमापक सापडेना. चंद्राच्या पृष्ठभागाची दीप्ती ॲडम्स यांना ठाऊक होती. तिच्या आधारे त्यांनी हिशेब केला आणि एफ/३२ वर एक सेकंद प्रकाशन दिले. दुसरे प्रकाशन घेण्याची तयारी होईपर्यंत क्रूसांवरचे ऊन गेले होते. ८ × १० इंचांचे ते एकच निगेटिव्ह उरले.

हे निगेटिव्ह मुद्रणाच्या दृष्टीने अवघड होते. आकाशाचा भाग दाट, तर गाव व त्यापुढची झुडपांची जमीन विरळ. सरळ प्रकाशन दिल्यास आकाश फिके आणि जमीन काळपट येई. १९४० च्या दशकातील प्रतींत आकाश राखाडी आहे व त्यात ढगांच्या पट्ट्या दिसतात. १९४८ मध्ये ॲडम्स यांनी निगेटिव्हचा खालचा भाग तीव्रकारक द्रवात बुडवून जमिनीची घनता वाढवली. त्यानंतरच्या प्रतींत आकाश उत्तरोत्तर गडद होत गेले. १९७० च्या दशकातील प्रतींत ते जवळजवळ काळे आहे, वरचे ढग विरून गेले आहेत आणि चंद्र त्या काळोखावर एकटा उभा आहे. हयातीत या निगेटिव्हपासून सुमारे तेराशे प्रती काढल्या गेल्या असा अंदाज केला जातो. १९४८ मधील एक प्रत २००६ साली न्यूयॉर्कमधील लिलावात सहा लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली.

मूळ दृश्य पाहताना जे चित्र मनात उमटले होते, त्याच्याशी जुळणारी प्रत १९७० च्या दशकातच साधली, अशी ॲडम्स यांची स्वतःची भूमिका होती. समीक्षेने ती जशीच्या तशी स्वीकारण्याचे कारण नाही. तीन दशकांपूर्वीच्या एका क्षणाच्या मनश्चित्राची पडताळणी कोणत्याही साधनाने होऊ शकत नाही. शेकडो प्रती काढताना हाताला आणि डोळ्याला जडलेली सवय हीच स्मृतीला आकार देत गेली असण्याची शक्यता तितकीच बलवान आहे. उत्तरकालीन प्रत ही मूळ दर्शनाची पूर्तता आहे असे म्हणण्यापेक्षा, ती एका वेगळ्या वयाच्या कलावंताने केलेले नवे अर्थनिर्णयन आहे असे म्हणणे अधिक सुरक्षित ठरेल.

४. दोन प्रतींची तुलना

बा. सी. मर्ढेकर यांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये सौंदर्यरचनेचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन लयप्रकार सांगितले. छटांच्या रचनेला ही परिभाषा चांगली लागू पडते. आरंभीच्या प्रतींत आकाशाचा राखाडी रंग आणि जमिनीचा राखाडी रंग यांत संवाद आहे. ढगांच्या आडव्या पट्ट्या, डोंगरांची आडवी रांग आणि गावाची आडवी वस्ती एकमेकांना प्रतिसाद देतात. नजर वरून खाली येताना कोठे अडखळत नाही. नोव्हेंबरातील एका विशिष्ट संध्याकाळी, ऊन सरण्याच्या बेतात असताना हे गाव असे दिसले, हा प्रत्यय या प्रती देतात.

उत्तरकालीन प्रतींत विरोध हेच संघटनतत्त्व बनते. वरचा काळा पट आणि खालचे उजळ क्रूस समोरासमोर येतात; चंद्राचा लहान पांढरा ठिपका त्यांच्यात मध्यस्थी करतो. रचना अधिक ठाम होते यात शंका नाही. भिंतीवर दूरून पाहिल्यास तिची पकड अधिक आहे, आणि ही कीर्ती मुख्यतः त्या प्रतींनी मिळवली आहे. पण त्यासाठी किंमत मोजावी लागली. आकाश काळे झाल्याबरोबर संध्याकाळची रात्र झाली. रात्रीत क्रूसांवर पडलेल्या उन्हाला उगमच उरत नाही. पाहणाऱ्याला तो प्रकाश चंद्राचा किंवा अलौकिक वाटू लागतो. प्रत्यक्षात सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीमागे होता आणि काही क्षणांत जाणार होता. ती घाई, ते निसटणे आरंभीच्या प्रतींत जाणवते. उत्तरकालीन प्रतींत त्याची जागा स्तब्ध भव्यतेने घेतली आहे.

एक प्रत बरोबर आणि दुसरी चूक असा याचा अर्थ नाही. मात्र दोहोंचा अर्थ एक नाही, हे मान्य करावे लागते. ज्या दोन वस्तूंचा अर्थ भिन्न आहे त्यांना केवळ एकाच निगेटिव्हपासून निघाल्या म्हणून एकच कलाकृती मानणे समीक्षेला परवडणारे नाही. बेंजामिन यांचे विधान येथे अपुरे पडते.

५. स्वरलिपीच्या उपमेची मर्यादा

मग ॲडम्स यांची उपमा पूर्णतः स्वीकारावी काय? नेल्सन गुडमन यांनी 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' (१९६८) मध्ये केलेला भेद येथे उपयोगी आहे. संगीतरचना स्वरलिपीत नोंदवता येते. त्या लिपीतील चिन्हे निश्चित असतात आणि त्यांचे पालन करणारे कोणतेही वादन त्या रचनेचेच वादन ठरते. लिपीची नक्कल केली तरी रचनेचे काही बिघडत नाही. उत्कीर्ण मुद्राचित्राचे तसे नाही. त्याची प्रत अस्सल ठरते ती त्या विशिष्ट पत्र्यापासून निघाल्यामुळे, म्हणजे तिच्या उत्पत्तीच्या इतिहासामुळे. निगेटिव्ह हे या दुसऱ्या प्रकारात मोडते. त्यातील घनता अखंडपणे बदलत जातात, त्यांची चिन्हे पाडता येत नाहीत आणि ती वस्तू एकमेव असते. १९४८ चा प्रसंग हेच दाखवतो. निगेटिव्ह द्रवात बुडवले तेव्हा वादकाने स्वरलिपीच बदलली, आणि बदलापूर्वीची लिपी मागे उरली नाही. पियानोवादकाला असे करता येत नाही.

भारतीय संगीताशी परिचित वाचकाला आणखी एक तुलना सुचेल. ख्यालातील बंदिश चार ओळींची असते. विस्तार गायकाचा असतो, आणि एकच गायक तीच बंदिश तरुणपणी व उतारवयात वेगळी मांडतो. ॲडम्स यांचे प्रत्यक्ष मुद्रण पाश्चात्त्य स्वरलिपीच्या वादनापेक्षा या पद्धतीला अधिक जवळचे आहे. तथापि ही तुलनाही एका जागी थांबते. बंदिश कंठातून कंठात जाते, तिच्या नाशाची भीती कोणा एका वस्तूवर अवलंबून नसते. निगेटिव्ह मात्र जळू शकते.

६. नाश, वारसा आणि अनुपस्थित कर्ता

निगेटिव्हचे पुढे काय करावे, या प्रश्नावर एकाच परिसरातील कलावंतांनी परस्परविरोधी उत्तरे दिली. एडवर्ड वेस्टन (१८८६–१९५८) यांना कंपवाताने ग्रासल्यावर, १९५० च्या दशकात त्यांच्या देखरेखीखाली मुलगा ब्रेट याने आठशेहून अधिक निगेटिव्हच्या प्रती काढल्या. वडिलांच्या मृत्यूनंतर दुसरा मुलगा कोल हा अनेक वर्षे प्रती काढत राहिला आणि त्या आपण मुद्रित केल्याचे नोंदवत राहिला. वेस्टन यांच्या प्रती प्रामुख्याने एनलार्जरविना, निगेटिव्ह कागदाला चिकटवून काढलेल्या असत. तरीही निर्णयांचा भार कमी नव्हता. वडिलांचे मुद्रण इतक्या जवळून हाताळलेल्या ब्रेटने १९९१ मध्ये ऐंशीव्या वाढदिवशी स्वतःची बहुतेक निगेटिव्ह जाळून टाकली. आपले मुद्रण दुसऱ्याने करू नये, हा त्यामागील विचार होता. ॲडम्स यांनी मध्यम मार्ग धरला. योसेमिटीविषयक काही निवडक निगेटिव्हच्या प्रती काढण्याचे काम सहायक ॲलन रॉस यांच्याकडे दिले; निगेटिव्हचा संग्रह ॲरिझोना विद्यापीठातील सेंटर फॉर क्रिएटिव्ह फोटोग्राफीकडे गेला.

या तिन्ही उदाहरणांत कर्त्याची इच्छा ज्ञात आहे. व्हिव्हियन मायर (१९२६–२००९) यांच्या बाबतीत तसे नाही. मुले सांभाळण्याचे काम करून उदरनिर्वाह करणाऱ्या या स्त्रीला १९५६ मध्ये शिकागो परिसरातील एका कुटुंबात स्वतंत्र न्हाणीघर मिळाले आणि तेच त्यांची अंधारखोली बनले. १९७० च्या दशकाच्या आरंभी ती नोकरी संपली, त्याबरोबर अंधारखोलीही गेली. पुढची छायाचित्रे बहुतांशी प्रतीविना आणि अनेक रोल विकासाविनाच राहिले. एक लाखाहून अधिक निगेटिव्हचा हा संग्रह २००७ मधील लिलावात विखुरला आणि कर्तीच्या मृत्यूनंतर जगप्रसिद्ध झाला.

प्रदर्शनांत गाजलेल्या मायर यांच्या प्रती मुख्यतः इतरांनी मुद्रित केलेल्या आहेत. त्या संपूर्ण चौकोनी चौकट दाखवतात. मायर यांनी स्वतः काढलेल्या काही प्रतींत मात्र चौकट कातरून विषय जवळ आणलेला आढळतो. म्हणजे रसिकांना मायर यांची 'शैली' म्हणून जी चौकोनी, संयत रचना परिचित आहे, तिच्यातील काही भाग मुद्रकांचा आहे. यात मुद्रकांचा दोष नाही. प्रत काढायची तर निर्णय कोणीतरी घ्यावाच लागतो. दोष आहे तो अशा प्रतींना केवळ मायर यांचे नाव देऊन समीक्षा करण्यात. येथे एक सामाजिक सत्यही नोंदवले पाहिजे. ॲडम्स यांना एकाच निगेटिव्हकडे तीन दशके परत परत जाता आले, कारण घर स्वतःचे होते. मायर यांना ते जमले नाही, कारण अंधारखोली मालकाच्या घरातली होती. अर्थनिर्णयनाचा अधिकार प्रतिभेइतकाच जागेवर व वेळेवरही अवलंबून असतो.

७. खूण आणि छटाक्रम

वरील चर्चेवरून छायाचित्रात दोन स्तर वेगळे करणे आवश्यक वाटते. पहिला स्तर खुणेचा. 'मूनराइज'च्या तारखेबाबत ॲडम्स स्वतः निश्चित नव्हते. निरनिराळ्या ठिकाणी वेगवेगळी वर्षे दिली गेली. चित्रातील चंद्राच्या स्थानावरून खगोलशास्त्रीय गणित मांडून १९९१ मध्ये डेनिस दि चिक्को यांनी १ नोव्हेंबर १९४१, सायंकाळी सुमारे ४ वाजून ४९ मिनिटे ही वेळ निश्चित केली. हे गणित राखाडी आकाशाच्या प्रतीवरून करा की काळ्या आकाशाच्या, उत्तर तेच येते. चंद्र, डोंगर आणि क्रूस यांचे परस्परस्थान निगेटिव्हमध्ये बद्ध झाले आहे. मुद्रकाला ते बदलता येत नाही.

दुसरा स्तर छटाक्रमाचा. ती वेळ संध्याकाळ वाटावी की रात्र, ऊन सरते आहे की थिजले आहे, हे प्रतीत ठरते. खूण ही निगेटिव्हची, म्हणून ती सर्व प्रतींना समान. छटाक्रम हा मुद्रणाचा, म्हणून तो प्रत्येक प्रतीचा वेगळा. बेंजामिन यांनी पहिला स्तर पाहून सर्व प्रती समान मानल्या. ॲडम्स यांनी दुसऱ्या स्तरावर भर देताना पहिल्याचे एकमेवत्व उपमेत झाकून टाकले. गुडमन यांच्या निकषाने अस्सलता ठरते, पण दोन अस्सल प्रतींत अर्थाचा फरक का पडतो हे त्यातून कळत नाही. छायाचित्राची कलाकृती या दोन स्तरांच्या संबंधात असते. एकट्या निगेटिव्हमध्ये ती पूर्ण नसते आणि निगेटिव्हपासून तुटलेल्या प्रतीतही ती संभवत नाही.

८. निष्कर्ष

१. एनलार्जरवरील मुद्रण ही यांत्रिक पुनरावृत्ती नसून निर्णयांची साखळी आहे. त्या निर्णयांनी छायाचित्राचा अर्थ बदलतो.

२. स्वरलिपी व वादन ही उपमा उद्बोधक असली तरी निगेटिव्हचे वस्तुरूप व एकमेवत्व तिच्यात सामावत नाही.

३. छायाचित्राच्या समीक्षेत निगेटिव्हचे वर्ष आणि प्रतीचे वर्ष, तसेच छायाचित्रकाराचे नाव आणि मुद्रकाचे नाव या चारही बाबी स्वतंत्रपणे नोंदवल्या जाणे आवश्यक आहे. पुस्तकातील पुनर्मुद्रणावरून 'मूनराइज'वर भाष्य करणाऱ्याने ते कोणत्या काळातील प्रतीवरून घेतले आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे.

४. हा प्रश्न अंधारखोलीबरोबर संपलेला नाही. महाविद्यालये, ग्रंथालये व कुटुंबे यांच्याकडील जुनी निगेटिव्ह संगणकावर उतरवली जातात तेव्हा उजळपणा, विरोध आणि चौकट यांविषयीचे तेच निर्णय नव्या साधनाने घेतले जातात. फक्त ते घेणाऱ्याचे नाव बहुधा नोंदले जात नाही. अंधारखोलीत पुठ्ठ्याचा तुकडा हलवणाऱ्या हाताला समीक्षेने जे स्थान द्यायला हवे, तेच या नव्या मुद्रकालाही द्यावे लागेल. तसे न केल्यास उद्याचा अभ्यासक आजच्या तंत्रज्ञाच्या आवडीलाच कालच्या छायाचित्रकाराची शैली समजून बसेल.